चार ठिपक्यांचं अक्षर

यिंग आतापर्यंत अकरा वेळा हरवली. माझी मुलगी, वय सहा, बोलत नाही. बोलत नाही म्हणजे लाजते किंवा उशिरा बोलेल, तसं नव्हे. डॉक्टरांच्या कागदावर त्याला लांबलचक नाव आहे आणि ते मी हल्ली कुणाला सांगत बसत नाही. दार उघडं दिसलं की ती निघते. पळत नाही, रडत नाही. कुठेतरी वेळेवर पोचायचं असल्यासारखी सरळ चालू लागते, मग मधे रस्ता येवो, स्कूटर येवो नाहीतर बंदराचा धक्का.

अकराव्या वेळी, मंगळवारी, मधे बर्फाचा ट्रक आला. तोंगकांग हे आमचं मासळीबंदराचं गाव, इथे दिवसभर बर्फाचे ट्रक धावतात. बोटी लागल्या की मासळीला बर्फ लागतो. च्युन-मिंग, माझा नवरा, बर्फाच्या कारखान्यातच कामाला आहे आणि तो ट्रक त्याच्याच कारखान्याचा होता. ड्रायव्हरने ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. मागच्या लाद्या घसरून रस्त्यावर पडल्या आणि फुटल्या. यिंग त्या तुकड्यांतून पाय न अडखळता पलीकडे गेली आणि बिनकाट्याच्या माशाचं दुकान आहे तिथे जाऊन उभी राहिली. च्युन-मिंग रबरी बूट घालून धावत आला. त्याने तिला उचललं नाही. तो रस्त्यात, बर्फाच्या तुकड्यांवरच बसला, आणि लोक हॉर्न वाजवत राहिले.

त्याच दिवशी त्याने फॉर्म भरला. डोंगरापलीकडे, ताइतुंगच्या बाजूला, अशा मुलांची एक निवासी संस्था आहे. यादीत आमचं नाव आधीपासून होतं आणि नुकतीच एक खाट रिकामी झाली होती. सोमवारी दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही कळवायचं. नाही म्हटलं तर खाट पुढच्या नावाला, आणि आमचं नाव यादीच्या तळाला, म्हणजे दोन-तीन वर्षं विसरा. महिन्यातून एक भेट. मी ती जागा मागेच पाहून आले होते. स्वच्छ आहे, आवारात पेरूची झाडं आहेत, कुंपण उंच आहे, बायका मुलांशी नीट बोलतात. मी दोष शोधायला गेले होते. तो सापडला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

च्युन-मिंग म्हणाला, "तिथे ती जिवंत राहील."

सासूबाईंचं मत आधीपासून ठरलेलं होतं. त्या बंदरावरच्या शेडमध्ये पहाटेपासून लाल कोळंबी निवडतात आणि तिथल्या बायकांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की पोरगी खाण्याच्या दुकानापुढेच का उभी राहते, तर घरात मिळत नाही म्हणून. सूनबाई कॉलेज शिकलेली, पुस्तकात बघून मोजून-मापून जेवायला घालणारी. मासळीच्या गोळ्यांचं सूप, तव्यावरचं गरमागरम, उकडलेल्या शेवया, बिनकाट्याचा मासा: पोरगी बरोबर तिथेच जाते. एकदा ती बोटींच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडे सापडली होती. त्यावर सासूबाई म्हणाल्या, त्याचा डबा सदा उघडा असतो. मग त्या रोज तो बिनकाट्याचा मासा आणून शिजवायच्या आणि यिंग रोज तो थुंकून टाकायची. तरी मत बदललं नाही. म्हणाल्या, दुकानाची चव घरच्या तव्याला कुठून येणार.

लग्नाआधी मी काओशुंगच्या एका कॉलेजात ग्रंथालयात होते. नोंद करून ठेवायची खोड तिथली. यिंग कुठे सापडली, किती वाजता, अंगात काय होतं, ते सगळं माझ्या वहीत आहे. बुधवारी सकाळी मी वही घेतली, यिंगच्या मनगटाला दोरी बांधली, दुसरं टोक माझ्या मनगटाला, आणि अकराही ठिकाणी पुन्हा गेले. मनात काही युक्ती वगैरे नव्हती. पाच दिवस उरले होते आणि घरात बसून ते मोजवत नव्हते, एवढंच.

आधी मी तिच्याबरोबर नुसती उभी राहायचे आणि दुकानदारांची माफी मागायचे. त्या दिवशी फोटो स्टुडिओसमोर मी तिच्याशेजारी उकिडवी बसले आणि तिची नजर जाते तिकडे पाहिलं. स्टुडिओत खायला काय असणार? तिची मान वर होती. उजवा हात पुढे, अंगठा आत दुमडलेला आणि चार बोटं हवेत काहीतरी हळूच दाबत होती.

पाटी. ती पाटी बघत होती.

आमची चिनी अक्षरं तुकड्या-तुकड्यांची, एक अक्षर म्हणजे एक शब्द. त्यातला एक तुकडा म्हणजे अक्षराच्या तळाशी एका ओळीत चार ठिपके. "मासा" लिहिताना ते माशाचं शेपूट असतं, "घोडा" लिहिताना घोड्याचे पाय. "गरम" आणि "उकडणे" यांच्याखाली तो जाळ असतो. फोटोला आम्ही जो शब्द वापरतो त्यातल्या "उजेड" या अक्षराखाली तेच ठिपके, आणि "मोटार"चं पहिलं अक्षर म्हणजे आवाजापुरता उसना घेतलेला घोडाच. मी वही उघडून एकेक दुकान पाहत गेले. अकराही पाट्यांवर चार ठिपके होते.

हे कुणाच्या लक्षात येणार होतं? आमच्या गावात काळ्या टूना माशाची प्रत्येक तिसरी पाटी, आणि "काळा" म्हटलं की चार ठिपके, "मासा" म्हटलं की आणखी चार. माणसांपेक्षा ठिपके जास्त. मुलगी ठिपक्यांकडे जात होती आणि आम्ही तिला मासे खाऊ घालत होतो.

घरी येऊन मी मार्करने माझ्या हातावर "मासा" लिहिलं. भिंतीकडे बघावं तसं तिने त्याकडे बघितलं. मी "घोडा" लिहिलं, "काळा" लिहिलं, अक्षर चांगलं यावं म्हणून पुसून पुन्हा लिहिलं. तिने कानांवर हात ठेवले आणि पाठ फिरवली. संध्याकाळी मी तिला मासळीबाजारात नेलं. तिथे छापील पाट्यांची रांगच्या रांग आहे, सगळ्यांवर काळा टूना, दिवे लावलेले. तिने मान वळवली नाही.

त्या रात्री च्युन-मिंगला मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, की समजा ठिपकेच असले, तर गावातल्या सगळ्या पाट्या उतरवायच्या का.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा निघाले, आणि या वेळी फक्त ठिपके पाहिले. अकराही पाट्या जुन्या, लाकडी किंवा भिंतीवर रंगवलेल्या. आणि ठिपके सगळीकडे एकाच हाताचे: पहिला बाकीच्यांवर रुसल्यासारखा डावीकडे तोंड करून, मधले दोन लहान, शेवटचा जड, आत्ता गळेल असा. मासळीच्या गोळ्यांच्या गाडीवरच्या बाईंना मी विचारलं, तुमची पाटी कुणी रंगवली. सूप ढवळता ढवळताच त्या म्हणाल्या, को पेंटर, आणखी कोण. प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या तसा त्याचा धंदा बसला. आता देवळामागच्या गल्लीत टॅटू काढतो, गुंडांच्या पाठीवर ड्रॅगन आणि वाघ. चांगला माणूस होता, म्हणाल्या, जसा काही तो गेलाच.

को पेंटर साठीच्या पुढचे, किडकिडीत, कानावर सिगारेट अडकवलेली, पण पेटवलेली नाही. आम्ही दोघी दारात दिसताच त्यांनी हात आडवा केला.

"अठराच्या आतल्यांना मी सुई लावत नाही. बापाने सांगितलं तरी नाही."

मी म्हटलं, तिला नाही. मग उभ्या उभ्याच त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी नुसतं विचारलं, "फोटो स्टुडिओची पाटी अजून आहे?"

"आहे."

"ती मी एकविसाव्या वर्षी रंगवली. शेवटचा ठिपका ओघळला होता. बाप म्हणाला, राहू दे, तीच तुझी सही."

त्यांनी एक पुठ्ठा घेतला, ब्रश बुडवला आणि "मासा" काढला. पेटीवर बसलेली यिंग उठली. माझ्या हातातली दोरी ताणली गेली. ती पुठ्ठ्यापाशी आली, अंगठा दुमडला आणि ओल्या शाईत चार ठिपक्यांवर चार बोटं ठेवली. आणि थांबली. माझी मुलगी स्वतःहून एका जागी थांबलेली मी पाटीखालीच पाहिली होती. आता ती माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

पुठ्ठा घेऊन मी घरी गेले असते. पण दोनच मिनिटांत तिने तो उचलला, काखेत मारला आणि दाराकडे चालू लागली. पाटी तिच्याजवळ असेल तर तिला माझी गरज काय? मी तो माझ्या गळ्यात अडकवला, तर तिने ओढून काढला. माझी घड्याळं, माळा, केसांचे चापसुद्धा ती असेच ओढते. अंगापासून सुटं होणारं काही तिला चालत नाही. को काकांनी माझ्या हातावर ब्रशने काढून पाहिलं. तिच्या बोटांनी ते घटकेत फरफटलं, आणि ठिपके बिघडलेले दिसताच तिने बोटं झटकून टाकली. पाटी असते तिथे ती थांबते. म्हणजे पाटी मलाच व्हायला हवं होतं, आणि पुसली न जाणारी.

माझ्या अंगावर साधा तीळ वाढला तरी मी डॉक्टरकडे धावते. इंजेक्शनची सुई दिसली की डोळे मिटते. मी बाही वर केली.

आता प्रश्न अक्षराचा. काकांकडे एक फाइल होती, गिऱ्हाईकांसाठी. "निष्ठा", "प्रेम", "सहन कर". त्यांनी "सहन कर"वर बोट ठेवलं, म्हणाले की हे तुला शोभलं असतं, अक्षरातच काळजावर सुरी आहे, पण यात ठिपक्यांची ओळ नाही. मग त्यांनी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि चार ठिपक्यांची अक्षरं एकापाठोपाठ एक काढत गेले. मासा. काळा. उकडणे. करपणे. हे शेवटचं आम्ही काळजीने जीव जळतो त्यालाही वापरतो. मी म्हटलं, ते नको, ते न गोंदवताही दिसतं. ते हसले. मग "उजेड", ज्याचा दुसरा अर्थ सांभाळणे. तेही सुंदर होतं. यिंग एकेका कागदावरून पुढे सरकत होती. प्रत्येक अक्षराचा वरचा भाग ती डाव्या तळव्याने झाकून टाकायची आणि उजव्या हाताची चार बोटं ठिपक्यांवर ठेवायची. वर मासा आहे की जाळ, तिला काही फरक पडत नव्हता.

तेव्हा माझ्या मनात ते आलं. मी विचारलं, "काका, 'आई' काढता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ब्रश निथळत ठेवून म्हणाले, "आईत घोडा आहे. घोड्याला चार पाय आहेत. निघेल."

डावीकडे बाई, उजवीकडे घोडा. शाळेत हे अक्षर शिकवतात तेव्हा मुलं हसतात. मी सहा वर्षं हा शब्द तिच्या तोंडून ऐकलेला नाही आणि आता ऐकेन असंही मला कुणी सांगत नाही. पण तिने रोज त्यावर बोट ठेवलं असतं. तिला कळलं नसतं, मला कळलं असतं. एवढं तरी मला मिळावं असं वाटलं आणि त्यात काही गैर आहे असं तेव्हा वाटलं नाही.

काकांनी "आई" काढलं. यिंगने बाईही झाकली आणि घोडाही झाकला. राहिलेल्या जागेत चार ठिपके तांदळाच्या दाण्याएवढे, एकमेकांना चिकटून. तिने एक बोट ठेवलं. दुसऱ्याला जागा नव्हती. तिने पुन्हा प्रयत्न केला, बोटं एकमेकांवर चढली, आणि तिच्या घशातून तो आवाज निघाला जो मी ओळखते, ज्याच्यानंतर ती डोकं आपटते. मी कागद ओढून घेतला.

"मोठं काढा," मी म्हटलं.

"तुझा हात केवढा? आणि ऐक. सुईची शाई कातडीत पसरते. आज नाही, पाच-सात वर्षांनी. एवढ्या जवळचे चार ठिपके पुढे एकच डाग होतात." ते ब्रश धूत बोलत होते. "तेव्हा तुझ्या हातावर आई राहील, पण ठिपके राहणार नाहीत. काय हवंय ते तू ठरव."

मी विचारलं, ठिपके सगळ्यांत लांब-लांब कुठल्या अक्षरात येतात. त्यांनी थोडा विचार केला, नवा कागद घेतला आणि एका दमात काढलं. वर आडव्या-उभ्या काड्यांचं कुंपण, आणि खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ऐसपैस चार ठिपके. "नाही." बिनकाट्याच्या माशाच्या पाटीवरचं पहिलं अक्षर. माझ्याआधी यिंगने ते पाहिलं. चार बोटं पुरेपूर बसली, मधे जागा राखून. ती त्या कागदावर वाकून राहिली ती राहिलीच. तिच्या मानेवरचा घाम सुकेपर्यंत मी बघत होते.

कुठली आई अंगावर "नाही" गोंदवून घेईल? मी आणखी एकदा "आई"चा कागद पाहिला. मग तो दुमडून त्यांच्या टोपलीत टाकला आणि म्हटलं, हेच काढा.

काकांनी मशीन चालू करून पाहिलं. त्याची घरघर ऐकताच यिंगचे हात कानांवर गेले आणि ती दाराकडे निघाली. माझा एक हात त्यांच्या गादीवर, दुसऱ्याला दोरी, दोरी ताठ. हातावर अजून काहीच नव्हतं. ते ब्रशने वरची पहिली काडी काढायला वाकले आणि मी म्हटलं, आधी ठिपके काढा.

"ठिपके शेवटी असतात," ते म्हणाले. "शाळेत गेलीस ना? वरून खाली. वर काही नसताना ठिपके कशाच्या आधाराने काढू? चुकलं तर चामडं फाडून फेकता येत नाही."

"काका, ती निघाली."

त्यांनी यिंगकडे पाहिलं. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, बहुधा बापाचं नाव घेतलं असावं. मग माझ्या कोऱ्या हातावर, कुठल्याच अक्षराखाली नसलेले चार ठिपके काढले. यिंग वळली. परत आली. गादीशेजारी उभी राहिली, घरघर चालू असताना, आणि एकदाही दाराकडे बघितलं नाही. चाळीस वर्षांत मी शेपूट आधी आणि मासा नंतर असं कधी काढलं नाही, असं ते दोनदा म्हणाले. पण वरचं कुंपण त्यांनी ठिपक्यांवर बरोबर आणून बसवलं.

दुखलं. किती ते सांगण्यात अर्थ नाही. मी डोळे उघडे ठेवले, कारण मिटले असते तर यिंगवर नजर राहिली नसती.

हातावर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळून त्यांनी बजावलं: दोन आठवडे कुणी हात लावायचा नाही, खाजवायचं नाही, पाण्यात बुडवायचं नाही. मी मान हलवली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी दोरी सोडली. सोडली म्हणजे हातात धरून ठेवली, पण ढील दिली. यिंगने माझ्या हातावर चार बोटं ठेवली. प्लॅस्टिकखालचं ओलं कातडं दाबलं गेलं आणि माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. आम्ही तशाच चाललो. बिनकाट्याच्या माशाचं दुकान आलं. ती पाटीखालून माझ्याबरोबर पुढे गेली. मी रडले नाही. मला तेव्हा फक्त आणखी दाब असं म्हणावंसं वाटत होतं.

सासूबाईंना फार वाचता येत नाही, पण हे अक्षर त्यांना येतं. त्यांनी माझा हात उजेडात धरला.

"नाही," त्यांनी वाचलं. "काय नाही? काटा नाही की अक्कल नाही?"

मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकलं, पण चेहरा तसाच. आमच्या घरात कुणी अंगावर लिहून घेतलं नव्हतं, अंगावर लिहून घेणारे तुरुंगात असतात, आणि सोमवारी पोरगी जाणारच आहे तर हा हात आता कुणाला दाखवणार, असं त्या एकामागून एक बोलत राहिल्या. शुक्रवारी च्युन-मिंग कामावरून लवकर आला आणि आम्हा दोघींच्या मागून बंदराच्या रस्त्यावर चालत राहिला, वीस पावलं अंतर ठेवून. यिंग माझ्या हाताला लागून होती. आम्ही रस्ता दोन वेळा ओलांडला. घरी आल्यावर त्याने संस्थेचा कागद टेबलावरून उचलून कपाटावर ठेवला. फाडला नाही.

शनिवारी हात सुजला. काकांनी सांगितलेलं एकही पथ्य मी पाळत नव्हते. यिंगची बोटं दिवसभर त्यावर असायची आणि मी ती काढत नव्हते. तीन दिवस ती माझ्यापासून हललीच नाही. मला ताप होता आणि मी इतकी सुखात कधी नव्हते.

रविवारी सकाळी खपली धरली. काळपट, जाड, अर्धा हात व्यापून. ठिपके तिच्याखाली गेले. यिंगने बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. वाकून नाक लावून पाहिलं. मग तिने माझा हात वापरून झालेल्या भांड्यासारखा बाजूला सरकवला आणि दाराकडे गेली.

मी काकांना फोन केला. ते म्हणाले की खपली सगळ्यांनाच धरते, ओढू नको, ओढलीस तर ठिपके तिच्याबरोबर निघून येतील. आपोआप पडली की खाली आहे तसं दिसेल. किती दिवस? आठवडा, कदाचित दहा. आणि तुझ्यासारखं दाबून घेतलंय तर शाई कितपत धरली असेल ते मी सांगू शकत नाही, पोरी, खोटं कशाला बोलू.

रविवारी दुपारी ती दोनदा दारापर्यंत गेली. तिसऱ्यांदा गल्लीच्या टोकापर्यंत गेली. शेडमधून परत येणाऱ्या सासूबाईंनी तिला फ्रॉकला मागून धरून आणलं.

सोमवारी अकरा वाजल्यापासून आम्ही चौघं टेबलाभोवती. यिंगला खुर्चीत बसवून मी मांडीने अडवून धरलं होतं. कपाटावरचा कागद पुन्हा टेबलावर आला होता. च्युन-मिंगने माझ्या हातावरची खपली बघितली आणि फार हळू आवाजात म्हणाला, "पेइ-रू, तुला तरी खात्री आहे का?"

मी नाही म्हटलं. खरंच नव्हती. खाली ठिपके धड असतील का, असले तर ती ओळखेल का, की खपलीबरोबर तिच्या मनातूनही ते गेले? आणि मधल्या दहा दिवसांत रस्ता तर होताच, ट्रक होते, धक्का होता, आणि तिला धरून ठेवायला माझ्याकडे एक सुजलेला हात. होय म्हटलं तर ती कुंपणाच्या आत जिवंत राहील. नाही म्हटलं आणि माझं चुकलं, तर ते चुकणं मला उरलेलं सगळं आयुष्य बघत बसावं लागेल. तो हे सगळं जाणत होता. म्हणून त्याने आवाज चढवला नाही.

बाराला सात मिनिटं असताना मी संस्थेला फोन लावला. तिकडच्या बाई सभ्यपणे बोलल्या. मी सांगितलं, आम्ही येत नाही. त्यांनी विचारलं, नक्की ना, कारण पुढच्या नावाची आई सकाळपासून फोनजवळ बसून आहे. मी नक्की म्हणाले. त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला.

च्युन-मिंग उठून खिडकीपाशी गेला. त्याची पाठ मला दिसत होती, ती हलत होती. मला वाटलं, आता सासूबाई बोलतील, आणि जे बोलतील ते मला ऐकून घ्यावंच लागेल.

सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि कोळंबीच्या टोपल्या बांधतात ती निळी दोरी घेऊन आल्या. यिंगच्या मनगटाला एक फास, स्वतःच्या मनगटाला दुसरा. गाठ दातांनी ओढून घट्ट केली. मग खालचं बुटकं स्टूल पायाने दारात सरकवलं आणि त्यावर बसल्या.

"खपली पडेपर्यंत मी शेडवर जात नाही," त्या म्हणाल्या. "तू तो हात नीट धू. मासळीसारखा वास येतोय त्याला."

यिंगने दोरी ओढली. सासूबाई स्टुलावरून अर्ध्या खाली आल्या, एक हात जमिनीला टेकला, आणि तशाच धरून राहिल्या.